धंदा बुडाला, देणी थकली: नादारीचा अर्ज, कराची थकबाकी आणि वसुली कोणत्या क्रमाने हाताळायची

‘साहेब, दिवाळखोरी जाहीर करून टाकू, एकदाचं सगळं मिटेल.’ हे वाक्य घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा दोन चुका आधीच करून आलेला असतो. घर बायकोच्या नावावर केलेलं असतं आणि मेव्हण्याचे हातउसने फेडलेले असतात. तिसरी चूक म्हणजे हे वाक्यच, कारण नादारी (देणी भागवता येत नाहीत असा न्यायालयाचा आदेश) मिळाली तरी सरकारचा कर माफ होत नाही.

खाली सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे. समजा, इचलकरंजीत आठ लूम (यंत्रमाग) असलेला एक प्रोप्रायटर, म्हणजे एकट्याच्या मालकीचा धंदा करणारा, आहे. नागरी सहकारी बँकेचं तारण कर्ज ३२ लाख, पतसंस्थेचं ६ लाख, सूत व्यापाऱ्याची उधारी ११ लाख, जीएसटीच्या आदेशानुसार ४ लाख आणि नातेवाइकांचे हातउसने ५ लाख. एकूण ५८ लाख. आकडे काल्पनिक आहेत, पण मांडणी रोजच्या पाहण्यातली आहे. घेणं असणारा तो धनको आणि देणं असणारा तो ऋणको, एवढी दोन नावं लक्षात ठेवा.

## टप्पा १: आधी ठरवा, कायदा कोणता

नादारी आणि दिवाळखोरी संहिता, २०१६ हे नाव सगळ्यांच्या कानावर असतं, म्हणून प्रत्येक जण तिकडेच बोट दाखवतो. पण साध्या व्यक्तीसाठी, प्रोप्रायटरसाठी आणि भागीदारी पेढीसाठी तिचा तो भाग अजून लागू केलेला नाही.

- कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी): ही संहिता, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणासमोर (एनसीएलटी). महाराष्ट्रातल्या कंपन्यांसाठी ते मुंबईत बसतं.
- कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेला संचालक किंवा नातेवाईक: यांनाही १ डिसेंबर २०१९ पासून संहिता लागू आहे. कलम ९४ खाली स्वतः अर्ज करता येतो, कलम ९५ खाली बँक करू शकते.
- प्रोप्रायटर, भागीदार, पगारदार, शेतकरी: प्रांतिक नादारी अधिनियम, १९२०. अर्ज जिल्हा न्यायालयात. काही ठिकाणी हे अधिकार दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर यांना दिलेले असतात.
- मुंबई शहरातली व्यक्ती: इलाखा शहर नादारी अधिनियम, १९०९. अर्ज मुंबई उच्च न्यायालयात, आणि मालमत्ता ऑफिशियल असायनी या न्यायालयाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात.

आपला लूमवाला तिसऱ्या गटात बसतो. त्याला ‘एनसीएलटीत केस टाकतो’ म्हणून पैसे मागणारा कोणी भेटला, तर तिथून उठावं.

> तपासा: दुसऱ्याच्या कंपनीच्या कर्जावर तुम्ही कधी जामीनदार म्हणून सही केली आहे का? केली असेल तर तुम्ही दोन कायद्यांच्या कचाट्यात असू शकता. ते कागद आधी काढा.

## टप्पा २: यादी. इथेच निम्मं काम असतं

न्यायालयात जायच्या किमान महिनाभर आधी बसा. वही घ्या, एक्सेल घ्या, काहीही चालेल, पण पाच रकाने हवेत: कोणाचं, किती, कशाच्या बदल्यात, शेवटची हालचाल कधी, कागद कुठे आहे.

शेवटच्या हालचालीचा रकाना लोक सोडून देतात. विनातारण उधारीचा दावा साधारण तीन वर्षांत मुदतबाह्य होतो. मात्र त्या तीन वर्षांत तुम्ही लेखी कबुली सही करून दिली किंवा थोडी रक्कम लेखी नोंदीसह भरली, की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. मार्चअखेर व्यापारी ‘बाकी बरोबर आहे’ म्हणून जो कागद सहीला पाठवतो, तो हाच. सही करू नका असं नाही. कशावर सही करतो आहोत ते माहीत असू द्या.

कागदांची थप्पी अशी लावा:

1. तीन वर्षांची रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद. टॅलीचा बॅकअप असेल तर तोही पेनड्राइव्हवर घ्या. कॉम्प्युटर जप्तीत जातो आणि हिशेब त्याच्याबरोबर जातात, असं घडतं.
2. सगळ्या बँक खात्यांचे तीन वर्षांचे उतारे. बंद खात्यांचे सुद्धा.
3. सात-बारा, मिळकत पत्रिका, आणि त्यावरच्या बोजाच्या नोंदी.
4. दोन वर्षांत झालेली प्रत्येक खरेदी, विक्री, बक्षीसपत्र, हक्कसोड. भावाला दिलेली मोटरसायकलसुद्धा.
5. जीएसटी आणि प्राप्तिकर पोर्टलवरचे आदेश, मागणी नोटिसा आणि रोख-क्रेडिट लेजर.
6. कोर्टातल्या चालू केसेसचे नंबर, चेक बाउन्सच्या नोटिसा.

पहिला मुद्दा तीन वर्षांचा का? नादारीतून पूर्ण सुटका, म्हणजे उरलेल्या देण्यांतून मोकळीक, मागताना न्यायालय मागच्या तीन वर्षांत धंद्याला साजेसे हिशेब ठेवले होते का ते पाहतं. नसतील, तर बिनशर्त सुटका देता येत नाही. कच्ची बिलं आणि चिठ्ठ्यांवर धंदा केलेल्यांची अडचण इथे होते, आणि ती अर्जाच्या दिवशी दुरुस्त होत नाही.

आता देणी तीन ढिगांत टाका. तारण असलेली (बँकेचे ३२ लाख). सरकारी (जीएसटीचे ४ लाख). बाकी सगळी. नादारीचा अर्ज खरा कामाला येतो तो तिसऱ्या ढिगासाठी. तारण ठेवलेला धनको आपलं तारण विकून मोकळा होऊ शकतो, नादारी त्याला अडवत नाही. सरकारी देणं तर नादारी संपल्यावरही अंगावर उरतं. पाच लाखांचे हातउसने आणि सूतवाल्याचे अकरा लाख यांच्यापुरताच उपाय हवा असेल, तर कोर्टाऐवजी टेबलावर बसून तडजोड स्वस्त पडते का, हा हिशेब याच पानावर करून बघा.

> सावध: सावकाराचा पैसा असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का ते सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात विचारा. बिनपरवाना सावकाराने लिहून घेतलेली जमीन परत मिळवण्यासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्ये वेगळा मार्ग आहे. तो नादारीच्या अर्जात मिसळू नका.

## टप्पा ३: हात बांधून ठेवा

यादी झाली की लगेच ‘सोय’ करायची खुमखुमी येते. करू नका.

घर बक्षीसपत्राने पत्नीच्या नावावर केलं आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर तुम्ही नादार ठरलात, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येतं (१९२० च्या कायद्याचं कलम ५३). तीन महिन्यांच्या आत एका धनकोला झुकतं माप दिलं, तर ते कलम ५४ मध्ये अडकतं. मेव्हण्याचे फेडलेले हातउसने हेच. मेव्हण्याला पैसे परत आणून द्यावे लागतात, मग दिवाळीला काय होतं ते विचारू नका.

कराच्या बाजूनेही तेच. जीएसटीचं कलम ८१ आणि १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम २८१, दोन्ही कर चुकवण्यासाठी केलेली हस्तांतरणं निरर्थक ठरवतात. शिवाय अशा व्यवहारामुळे पुढे सुटका मागताना तुमचा चेहराच बिघडतो.

चालेल असं काय? रोजचा घरखर्च, मजुरांचा पगार, वीजबिल, आणि वाजवी भावाने, बँकेतून पैसे घेऊन, हिशेबात दाखवून केलेली विक्री.

## टप्पा ४: कर आधी. कोर्टात जायच्या अगोदर

हा टप्पा लोक शेवटी ठेवतात. तो चौथा आहे त्याला कारण आहे: कर नादारीत सुटत नाही, आणि रिसीव्हरने (नादाराची मालमत्ता सांभाळायला न्यायालयाने नेमलेला माणूस) मालमत्ता विकली तर विनातारण देण्यांमध्ये सरकारला पहिला मान आहे. (१९२० च्या कायद्यात त्याच कलमात नोकरमाणसांच्या थकीत पगारालाही अग्रक्रम आहे. मर्यादा माणशी २० रुपये. १९२० चा आकडा तसाच राहून गेला आहे.)

जीएसटी. कलम ८० खाली जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते मागता येतात. अर्ज पोर्टलवर डीआरसी-२० या नमुन्यात, निर्णय डीआरसी-२१ मध्ये येतो. पण:

- स्वतःच विवरणपत्रात दाखवून न भरलेला कर या सवलतीत बसत नाही. ही चूक सर्रास होते. हप्ते मिळतात ते आदेशाने निघालेल्या मागणीवर.
- रक्कम २५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर हप्ते नाहीत.
- एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते.
- व्याज चालूच राहतं.

आपल्या लूमवाल्याचे ४ लाख आदेशातले आहेत, म्हणून २४ हप्ते धरले तर महिन्याला साधारण १६,७०० अधिक व्याज. हे झेपतं का, ते अर्जापूर्वी ठरवा. आदेशच चुकीचा असेल तर अपिलाची मुदत तीन महिने, उशिराचं कारण पटवून आणखी एक महिना. त्यासाठी वादग्रस्त कराच्या १० टक्के रक्कम भरावी लागते. हप्ते आणि अपील यांपैकी काय करायचं हे आदेश हातात पडल्याच्या आठवड्यातच ठरवावं.

प्राप्तिकर. मागणी नोटीस आली की साधारण ३० दिवस मिळतात. मुदतवाढ किंवा हप्त्यांचा अर्ज त्या ३० दिवसांच्या आत करायचा असतो. एकतिसाव्या दिवशी केलेला अर्ज म्हणजे विनंतीपत्र. अपील केलं असेल तर वादग्रस्त मागणीच्या २० टक्के भरून उरलेल्याला स्थगिती मागण्याची पद्धत आहे. थकलेल्या रकमेवर महिन्याला १ टक्का व्याज चढतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू आहे, त्यामुळे कलमांचे आकडे बदलले. जुन्या वर्षांच्या नोटिसा जुन्या कलमांनीच वाचा.

> सर्वांत मोठा धोका: कामगारांच्या पगारातून कापलेला पण न भरलेला भविष्य निर्वाह निधी, आणि कापून न भरलेला टीडीएस. हे दुसऱ्याचे पैसे आहेत, आणि यात फौजदारी होऊ शकते. हातात थोडी रोकड असेल तर ती आधी इकडे वळवा.

जीएसटी नोंदणी रद्द केली म्हणजे जुनी देणी गेली, असं समजू नका. ती राहतात.

## टप्पा ५: बँक आणि पतसंस्था

बँकेने सरफेसी कायद्याच्या (तारण मालमत्ता थेट ताब्यात घेऊन विकण्याचा बँकांसाठीचा कायदा) कलम १३(२) ची नोटीस दिली की ६० दिवस मिळतात. त्या काळात लेखी आक्षेप नोंदवा, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. ताबा घेण्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात जायचं. ‘सहकारी बँकेला सरफेसी लागू नाही’ हा सल्ला अजून फिरतो. मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२० रोजी हा प्रश्न निकालात काढला: लागू आहे.

पतसंस्थेची गोष्ट वेगळी. ती बँक नव्हे. तिचं हत्यार म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ चा वसुली दाखला. निबंधकासमोर नोटीस आली की हजर राहा आणि हिशेबाची प्रत मागा. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्याला नंतर पुनरीक्षण अर्ज करायला आधी वसुलीयोग्य रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. तीन लाख कुठून आणणार?

एकरकमी तडजोडीचं बोलायचं असेल तर आकडा घेऊन जा आणि पैसा कुठून येणार ते कागदावर दाखवा. मंजुरीचं पत्र हातात पडल्याशिवाय रक्कम भरू नका. पत्रात जामीनदार मोकळे होतात का, बोजा कधी उतरवणार आणि कोर्टातल्या केसेस कोण मागे घेणार, हे तिन्ही लिहून घ्या. तडजोडीनंतर त्याच बँकेकडून नवं बिगरशेती कर्ज किमान १२ महिने मिळत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

## टप्पा ६: नादारीचा अर्ज

आता कोर्ट. अर्ज तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथल्या न्यायालयात. देणं ५०० रुपयांपेक्षा कमी नसावं, ही अट हसू आणणारी असली तरी कायद्यात आहे. खरी अट दुसरी: तुम्ही देणी भागवू शकत नाही हे दिसायला हवं. भरपूर मालमत्ता असून विकायची इच्छा नाही, याला नादारी म्हणत नाहीत.

अर्जात असायला हवं:

1. देणी भागवता येत नाहीत, असं स्पष्ट विधान.
2. प्रत्येक धनकोचं नाव, पत्ता, रक्कम. हातउसने देणाऱ्या मामांसह.
3. सगळ्या मालमत्तेची यादी, अंदाजे किंमत आणि ती कुठे आहे.
4. ती मालमत्ता न्यायालयाच्या हवाली करायची तयारी.
5. पूर्वी असा अर्ज केला होता का, आणि त्याचं काय झालं.

एखादा धनको मुद्दाम वगळू नका, आणि एखादं खातं विसरू नका. लपवलेली मालमत्ता सापडली तर सुटका तर जातेच, शिक्षाही होऊ शकते.

> गैरसमज: ‘अर्ज टाकला, आता कोणी हात लावू शकत नाही.’ कंपनीच्या जामीनदाराने संहितेखाली अर्ज केला तर अर्जाच्या दिवसापासून तात्पुरती स्थगिती, ही २०१६ च्या मूळ संहितेतली तरतूद; आज ती तशीच आहे का ते आधी तपासा. १९२० च्या कायद्यात तसं आपोआप होत नाही. इथे संरक्षण मुख्यतः नादार ठरवल्याच्या आदेशानंतर येतं. आणि चेक बाउन्सची फौजदारी तक्रार दोन्हीकडे चालूच राहते.

## टप्पा ७: आदेशानंतर सुटकेपर्यंत

नादार ठरवल्याचा आदेश झाला की मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते. धनकोंना परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा आदेश वेगळा मागावा लागतो, तो मागा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जप्तीतून वगळलेल्या गोष्टी तुमच्याच राहतात: भविष्य निर्वाह निधी, स्वतःच्या आयुर्विम्याची रक्कम, कारागिराची अवजारं, घरातली भांडी-अंथरुणं. आठ लूमचा कारखाना ‘कारागिराची अवजारं’ म्हणून वाचेल अशी आशा धरू नका.

सुटकेपूर्वी वारसाहक्काने काही मिळालं तर तेही या ढिगात जातं.

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. आदेशात न्यायालय एक मुदत घालतं: या तारखेपर्यंत सुटकेचा, म्हणजे डिस्चार्जचा अर्ज करा. लोक निकालाची प्रत कपाटात ठेवतात आणि मुदत निघून जाते. मग नादारीच रद्द होऊ शकते, आणि परवानगीशिवाय पुन्हा अर्ज करता येत नाही. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, आणि मुदतवाढ हवी असेल तर मुदतीच्या आत मागा.

डिस्चार्जच्या वेळी न्यायालय पाहतं: विनातारण देण्यांच्या रुपयामागे किमान ५० पैसे मालमत्तेतून निघतात का, नसतील तर दोष तुमचा की परिस्थितीचा, बुडालोय हे कळूनही उधारी वाढवत राहिलात का, सट्ट्यात किंवा उधळपट्टीत पैसा गेला का. सूत महागलं, कापडाचा भाव पडला, मोठा ग्राहक पैसे बुडवून गेला, हे सगळं कागदांनी दाखवता येतं. सुटका सशर्त असू शकते, पुढे ढकललीही जाऊ शकते.

सुटका मिळाली तरी चार गोष्टी उरतात: सरकारी देणं, फसवणुकीतून झालेलं देणं, फसवून मुदत मिळवलेलं देणं, आणि पोटगी.

## टप्पा ८: आता टेबलाच्या पलीकडून, धनकोसाठी

सूत व्यापाऱ्याने ११ लाखांसाठी काय करावं?

चेक असेल तर तो तारखेपासून तीन महिन्यांत वटवायला टाका. परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, मग त्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एक महिन्यात तक्रार. यातला एक टप्पा उशिरा झाला की वकिलाला विनवण्या कराव्या लागतात.

उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) असेल तर थकीत बिलांसाठीचं सरकारचं ऑनलाइन तक्रार पोर्टल. पेमेंटची कमाल मुदत ४५ दिवस, उशिरावर बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज. पण हे उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. सूत विकत घेऊन विकणारा निव्वळ व्यापारी असेल तर हा दरवाजा त्याच्यासाठी नाही. नोंदणी माल देण्याआधीची असेल तर वाद कमी होतात.

खरेदीदार कंपनी असेल तर संहितेच्या कलम ८ ची मागणी नोटीस, १० दिवस, मग कलम ९ चा अर्ज. थकबाकी किमान १ कोटी हवी, २४ मार्च २०२० पासून. अकरा लाखांसाठी ‘एनसीएलटीत खेचतो’ अशी धमकी देणारी नोटीस वाचून समोरचा वकील चहा मागवतो. मालाच्या दर्जाबद्दल नोटिसीआधीच खरा वाद चालू असेल, तरी अर्ज टिकत नाही.

कंपनीची नादारी प्रक्रिया आधीच सुरू झाली असेल तर वर्तमानपत्रातली जाहीर घोषणा शोधा आणि त्यात दिलेल्या तारखेपर्यंत नमुना ‘ब’ मध्ये दावा दाखल करा. सर्वोच्च न्यायालयाने घनश्याम मिश्रा प्रकरणात (एप्रिल २०२१) सांगितलं आहे की कंपनी सावरण्याच्या मंजूर आराखड्यात नसलेले दावे संपतात. सरकारचेसुद्धा.

खरेदीदार व्यक्ती असेल तर धनकोही नादारीचा अर्ज करू शकतो. त्यासाठी मागच्या तीन महिन्यांत ‘नादारीचं कृत्य’ घडलेलं हवं: धनकोंना टाळायला घर सोडणं, मालमत्ता दडवायला हस्तांतरण करणं, किंवा ‘मी पैसे देणं थांबवलं आहे’ असं कळवणं. असा निरोप व्हॉट्सअॅपवर आला तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि तारीख मोजा. तो आधीच नादार ठरला असेल तर दावा लावू नका. शपथपत्रावर आपलं येणं सिद्ध करून यादीत नाव घालून घ्या.

वसूल होणार नाही हे नक्की झाल्यावर ती रक्कम खतावणीत बुडीत म्हणून त्याच वर्षी खर्ची टाका, तरच प्राप्तिकरात वजावट मिळते. त्या बिलावर भरलेला जीएसटी मात्र परत मिळत नाही, आणि तो वसूल करण्यासाठी क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी दाखवणारा कागद) काढण्याची शक्कल कोणी सुचवली तर ऐकू नका.